पायाने अधू झालेल्या कोंबडीची निगा

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत कधी ना कधी एखादी कोंबडी पायाने अधू होते. व्यापारी शेडमध्ये असा पक्षी वेगळा काढून टाकणेच हिशेबाचे ठरते. परंतु मुलांनी हातावर वाढविलेल्या कोंबडीला घरात कोणी टाकत नाही. अशी कोंबडी नुसत्या लंगडेपणाने सहसा मरत नाही. बसून बसून पडलेल्या जखमा चिघळून ती दगावते, आणि हे आपल्याला टाळता येते.

पट्टी बांधण्यापूर्वी लंगडण्याचे कारण पाहावे. एक पाय पुढे व दुसरा मागे ताणून तलंग पडून राहत असेल तर मॅरेक्स रोगाची शंका घ्यावी. पाय लुळे पडण्याबरोबर मान पिळवटली असेल, हिरवट हगवण असेल तर मानमोडी असू शकते. अशा वेळी पक्षी ताबडतोब वेगळा करून पशुवैद्यकास दाखवावा. या रोगांवर पट्टीचा उपयोग नाही आणि बाकीच्या कोंबड्यांनाही धोका असतो.

पिलांचे पाय फाकतात ते बहुधा गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवल्यामुळे. कागदाऐवजी तळाशी गोणपाट अंथरावे. दोन्ही नळ्यांना अर्धा इंच रुंदीची चिकटपट्टी सैलसर गुंडाळून मध्ये सुमारे एक इंच अंतर ठेवावे. मधला भाग दुमडून चिकटवावा, म्हणजे त्याला भुसा चिकटत नाही. पिलू दोन-तीन दिवसांचे असतानाच हे केले तर तीन ते पाच दिवसांत पाय सरळ होतात. उशीर झाला की गुण येत नाही.

मोठी कोंबडी चालता न आल्यास मागे वाकणाऱ्या सांध्यावर, म्हणजे आपण ज्याला तिचा गुडघा म्हणतो त्यावर, टेकून बसते. तेथे व छातीच्या हाडावर घट्टे पडतात व पुढे जखमा होतात. गिरिराज, वनराज अशा जड अंगाच्या पक्ष्यांत हे लवकर होते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात दोन लहान सपाट चमचे मीठ घालून जखम धुवावी, टिपून कोरडी करावी व पोव्हिडोन आयोडीन लावावे. तेल-हळदीचा लेप देऊ नये. त्याला माती चिकटते.

कापूस थेट जखमेवर ठेवू नये, तंतू अडकतात. आधी स्वच्छ जाळीच्या कापडाची घडी ठेवावी. मग डोक्यावर हंडा ठेवताना करतात तशी जुन्या सुती लुगड्याची लहान चुंबळ करून जखम तिच्या पोकळीत येईल अशी बसवावी. त्यामुळे भार कडेवर पडतो, जखमेवर पडत नाही. वरून कापसाचा थर व दोन बोटे रुंद पट्टी बोटांच्या बाजूने वर गुंडाळत न्यावी. चिकटपट्टी पिसांवर लावू नये. तळपायाला काळी खपली धरून सूज आली असेल तर हीच चुंबळ तेथेही चालते. मात्र खपली घरी ब्लेडने काढू नये, फार रक्त जाते.

पट्टी करकचून आवळणे ही सर्वांत मोठी चूक. बोटे उघडी ठेवावीत व दिवसातून दोनदा हात लावून पाहावीत. ती गार, सुजलेली किंवा काळपट वाटली तर पट्टी त्याच क्षणी सोडावी. पाय कायमचा जातो. जखम असल्यास पट्टी रोज बदलावी, ओली झाली तर लगेच. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडायला एक दिवस पुरतो. पट्टी बांधताना कोंबडी फडक्यात गुंडाळून धरावी, पण छाती दाबू नये. छातीचे हाड हलल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही.

बसायला कोरड्या भाताच्या तुसाचा चार बोटे जाड थर आणि त्यात एक मोठी चुंबळ द्यावी. दाणा-पाणी चोचीच्या उंचीवर, मान न ताणता मिळेल असे ठेवावे. विष्ठेने भरलेली पिसे रोज पुसावीत. इतर कोंबड्या तिला टोचतात, म्हणून जाळीआड परंतु त्यांच्या नजरेसमोर ठेवावी. एकटी पडली की ती खाणे सोडते. पशुवैद्यकाने प्रतिजैविक दिले असेल तर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे त्यांनाच विचारून घ्यावे.

पंधरा दिवस असे करूनही दोन्ही पाय निर्जीव असतील, छातीचे हाड सुरीसारखे हाताला लागत असेल आणि ती दाण्याकडे पाहत नसेल, तर पट्ट्या बदलत राहणे तिच्यासाठी त्रासाचेच आहे. त्या वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिला सोडवावे आणि मुलांनाही तसे स्पष्ट सांगावे.