भरतीची नदी आणि स्नानयोग्य पाणी

कोलकात्याजवळ हुगळीत सोडलेले सांडपाणी थेट समुद्राकडे जात नाही. सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या चक्रात भरती ते पुन्हा वर ढकलते. स्नानाच्या पाण्यासाठी २००० मध्ये अधिसूचित झालेल्या निकषांनुसार दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू शक्यतो ५०० पर्यंत असावेत, २,५०० हून अधिक नसावेत. परंतु येथे एकाच घाटावरील आकडा काही तासांत बदलू शकतो. महिन्याकाठी घेतलेला एखादा नमुना त्यामुळे अपुराच ठरतो. शिडाच्या नौकेवरून पोहण्यास उतरणाऱ्याची जोखीम तर दुहेरी: दूषित पाणी पोटात जाणे आणि ओहोटीच्या ओढीने नौकेपासून दूर वाहत जाणे. आजारपणाचा खर्च त्याचा. सांडपाणी सोडणाऱ्याच्या हिशेबात तो येत नाही. हुगळीच्या भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो. नमुन्याच्या आकड्याशेजारी तेवढी वेळ नोंदवणे मुळीच खर्चिक नाही.