राजीनामा दिला, हमी राहिली

पिंपरी-चिंचवड भागात सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतून एक संचालक बाहेर पडले. राजीनामा दिला, शेअर मित्राच्या नावे केले, रजिस्ट्रारकडे नोंदही झाली. काही वर्षांनी बँकेची वसुलीची नोटीस त्यांच्या घरी येऊन थडकली. ‘आता माझा काय संबंध?’ म्हणत ते बँकेत गेले, तेव्हा अधिकाऱ्याने हमीपत्र पुढे सरकवलं. पानापानावर त्यांची सही होती, आणि सही कुठे करायची ते दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या फुल्याही.

“खुर्ची सोडली की सगळं सुटलं, असं मी धरून चाललो होतो,” ते आता नव्या उद्योजकांना सांगतात.

असा समज व्हायला आधार आहे. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1897 साली बूट बनवणाऱ्या अ‍ॅरन सॉलोमन यांच्या खटल्यात कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती ठरवली. आपल्याकडेही शेअरचे पैसे पूर्ण भरले असतील, तर कंपनीच्या कर्जापोटी भागधारकाकडे कोणी पैसे मागू शकत नाही. वैयक्तिक हमीवर सही केली, की मात्र ही भिंत आपणच पाडलेली असते. करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं काही नसेल तर हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कंपनीकडून वसुली करावी, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात केव्हाच फेटाळला आहे. दिवाळखोरीत कंपनीची समाधान योजना मंजूर झाली, तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे ललित कुमार जैन प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट झालं.

चेकचं प्रकरण आणखी वाईट. कंपनीचा चेक वटला नाही, तर त्यावर सही करणाऱ्यावर फौजदारी खटला चालू शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन संचालक लागतात म्हणून बायकोला ‘नावापुरतं’ बसवायची आपल्याकडची रीत तर घातकच. चेकच्या खटल्यात नुसतं पद पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालय 2005 मध्ये म्हणालं. पण प्रायव्हेट कंपनीचा आयकर वसूल होत नसेल, तर आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

कंपनी सोडताना सही केलेले कोरे चेक परत घ्या, बँकेतली सहीची नोंद बदलून घ्या, पुढच्या व्यवहारांसाठी हमी मागे घेतल्याची लेखी नोटीस द्या. आणि जुन्या कर्जातून हमीमुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर सही करू नका.