इंजिनाचे पुढील झाकण : गळती आणि दुरुस्ती

ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर किंवा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका जेथे उभी असते, तेथे पुढच्या बाजूस जमिनीवर तेलाचे डाग दिसू लागले, की 'इंजिन जुने झाले' असा शेरा मारून प्रश्न पुढे ढकलला जातो. पुष्कळदा दोष इंजिनाच्या पुढील झाकणाच्या सांध्यात असतो. या झाकणास कारागीर 'टायमिंग कव्हर' म्हणतात. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारी दातेरी चाके अथवा साखळी त्याच्या आत तेलात फिरत असते. क्रँकशाफ्टचे टोक झाकणातील छिद्रातून बाहेर येते आणि त्यावर पुली बसते. त्या छिद्रातून तेल बाहेर येऊ न देण्याचे काम ऑइल सील करते.

झाकण उघडण्यापूर्वी इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतील वायू बाहेर जाण्याचा मार्ग, तुंबला आहे काय हे पाहावे. तो तुंबला असल्यास आतील दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि नवे पॅकिंगही गळते. हे न पाहताच केलेला खर्च वाया जातो.

झाकणाचे बोल्ट बहुधा कमीअधिक लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ज्याचा त्याचा बोल्ट त्या त्या जागी खोचून ठेवण्याची जुन्या मिस्त्रींची रीत उत्तम आहे. लांब बोल्ट उथळ छिद्रात गेल्यास तो तळाशी टेकतो आणि झाकण मात्र सैल राहते.

खरे काम साफसफाईचे आहे. जुन्या पॅकिंगचा कणही राहता कामा नये. ॲल्युमिनियमच्या झाकणावर पोलादी पट्टी चालविल्यास ओरखडे पडतात आणि पुढे त्यांतूनच तेल झिरपते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी आणि तेलाचा अंशही पुसून काढावा.

त्यानंतरची चूक हौसेची असते. 'जास्त लावले म्हणजे जास्त टिकेल' या समजुतीने सिलिकॉन भरपूर थापले जाते. झाकण आवळताच जादा भाग बाहेर येतो. बाहेरचा पुसता येतो, पण आत गेलेला दिसत नाही. तो तुटून तेलाबरोबर चेंबरमध्ये जातो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकू शकतो. मग तेल पोहोचत नाही, बेअरिंगे जळतात आणि किरकोळ गळतीची दुरुस्ती संपूर्ण इंजिन बांधण्यावर येते. जेथे निर्मात्याने कागदी पॅकिंग दिले आहे, तेथे दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासू नये; पॅकिंग घसरते. जेथे सिलिकॉनच सांगितले आहे, तेथे बारीक अखंड रेघ पुरेशी होते. झाकण, ब्लॉक व चेंबर हे तिन्ही भाग जेथे मिळतात, त्या कोपऱ्यांवर मात्र थेंबभर अवश्य लावावे.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडे, असावी. पुलीच्या मानेवर झिजून खाच पडली असेल, तर नवे सीलही व्यर्थ जाते. झाकण मध्यावर बसल्याची खात्री करून बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. सिलिकॉन वाळण्यास नळीवर छापलेला अवधी द्यावा. 'साहेबांना आजच दौऱ्यावर जायचे आहे' हे कारण सिलिकॉनला समजत नाही!

तेल भरून इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा थोड्याच क्षणांत विझला पाहिजे; न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. बिलावर सही करणाऱ्याने वाहन तापेपर्यंत चालवून झाकणाखाली कोरडा कागद ठेवून पाहावा आणि कामाची नोंद लॉगबुकात करून घ्यावी.