वांकणारी काठी व मोडण्याची भीति



हॉकी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मोकळें मैदान, पांढरा चेंडू आणि टोंकाशीं आंकड्यासारखी वळलेली काठी उभी राहते. परंतु कॅनडा देशांत ‘हॉकी’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनांत बर्फाचें मैदान येतें. तेथें खेळाडू पोलादी पात्यांचे जोडे पायांत घालून बर्फावरून घसरत धांवतात, आणि चेंडूऐवजीं कठीण रबराची एक चपटी चकती काठीनें पुढें नेतात. या चकतीस ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच व वजन १५६ ते १७० ग्रॅम असतें. आपल्या मैदानी हॉकीचा चेंडूही १५६ ते १६३ ग्रॅम भरतो. म्हणजे वजन जवळजवळ तेंच. मारण्याची रीत मात्र अगदीं निराळी. आपल्या देशांतही लडाखमध्यें हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ चालतो. या खेळांतील ‘स्लॅप शॉट’ नांवाच्या एका फटक्याचा, आणि त्याच्या पाठीशीं लागलेल्या एका भीतीचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

ती भीति म्हणजे काठी मोडण्याची. पूर्वी ही काठी एकसंध लांकडाची असे. आतां ती बहुधा कार्बनच्या बारीक तंतूंची व राळेसारख्या चिकट द्रव्याची केलेली असते. उत्तम प्रतीची एक काठी घ्यावयाची तर तीनशे किंवा त्याहूनही अधिक डॉलर मोजावे लागतात. अशी काठी वडिलांनीं काटकसर करून घेऊन दिली आहे, आणि “जपून वापर, पुनः लौकर मिळावयाची नाहीं,” हे आईचे शब्द कानांत आहेत, अशा एका मुलाची कल्पना करा. तो काठी उंच उचलतो; पण ती खालीं येतां येतां त्याचे हात आपोआप आखडतात. पातें बर्फास लागूं नये म्हणून तो चकतीला वरवर टोला देतो. चकती रडतखडत जाते, आणि मुलगा मनाशीं म्हणतो, “माझ्या हातांत जोरच नाहीं.” वास्तविक उणीव जोराची नसते. काठीचें काम काय, हें त्यास कोणी समजावून सांगितलेलें नसतें.

तें काम आतां पाहूं. स्लॅप शॉट मारतांना पातें प्रथम चकतीवर आपटावयाचें नसून तिच्या कांहीं इंच मागें बर्फावर आपटावयाचें असतें. पातें बर्फाला अडतें, वरचा हात दांड्याचें टोंक धरून ठेवतो, आणि खालचा हात दांड्याला पुढें रेटतो. तिन्ही ठिकाणच्या या ताणानें दांडा धनुष्यासारखा वांकतो. खेळाडूच्या अंगाचें वजनही त्याच वेळीं मागच्या पायावरून पुढच्या पायावर येत असतें, व तें सर्व दांड्यांत सांठतें. पातें चकतीला भिडलें, कीं वांकलेला दांडा सरळ होऊं लागतो आणि चकतीला गोफणीसारखा फेकून देतो. पातें व चकती यांचा हा सहवास सेकंदाच्या तीन-चार शतांश भागांहून अधिक टिकत नाहीं. पण तेवढ्यांत सर्व काम होऊन जातें. तात्पर्य, काठी वांकणें हा अपघात नव्हे. वांकण्यासाठींच ती घडविली आहे. धनुष्य मोडेल म्हणून जो प्रत्यंचा ओढीत नाहीं, त्याचा बाण पायाशींच पडावयाचा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. प्रत्येक काठीवर एक अंक छापलेला असतो. काठीचा दांडा १ इंच वांकविण्यास किती पौंड जोर लागतो, हें तो अंक सांगतो. समजा, काठी ५० अंकाची आहे. ती १ इंच वांकवितांना जोर शून्यापासून ५० पौंडांपर्यंत वाढत जातो. म्हणजे सरासरी २५ पौंड. २५ गुणिले १, म्हणून सांठलेली शक्ति २५ इंच-पौंड. तीच काठी २ इंच वांकविली तर जोर १०० पौंडांपर्यंत जातो, सरासरी ५०. ५० गुणिले २, म्हणजे १०० इंच-पौंड. वांक दुप्पट झाला, शक्ति चौपट झाली! हुकचा नियम पुस्तकांत पाठ केला असेल, त्याचा अर्थ हा असा मैदानावर दिसतो. जो मुलगा भीतीनें वांक निम्मा करतो, तो काठींत सांठणारी शक्ति निम्मी नव्हे, तर तीनचतुर्थांश गमावतो.

या फटक्याचा प्रसार मुख्यतः १९५० नंतरच्या दशकांत झाला. त्याचें मोठें श्रेय मॉन्ट्रिअलच्या संघांतील बर्नी जेफ्रियन या खेळाडूस दिलें जातें. त्याच्या फटक्यांच्या आवाजावरून त्यास ‘बूम बूम’ असें टोपणनांवच पडलें होतें. १९६०-६१ च्या हंगामांत त्यानें ५० गोल केले. पुढें २०१२ सालीं नॅशनल हॉकी लीगच्या एका कौशल्य-स्पर्धेंत झ्डेनो हारा या धिप्पाड खेळाडूचा फटका ताशीं १०८.८ मैल, म्हणजे सुमारें १७५ किलोमीटर वेगाचा मोजला गेला. हाराची उंची ६ फूट ९ इंच. त्याची काठीही त्याच्या बळास साजेशी, फार ताठ असे. परंतु ताठ काठी घेतली म्हणजे कोणीही हारा होतो, असें समजूं नये. मॉन्ट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठांतील अभ्यासकांनीं कसलेले व नवशिके खेळाडू घेऊन निरनिराळ्या काठ्यांनीं फटके मारवून पाहिले. तेव्हां चकतीचा वेग काठीच्या जातीवर नव्हे, तर खेळाडूच्या कौशल्यावर व अंगबळावर अवलंबून असल्याचें त्यांस दिसून आलें. महाग काठी नाहीं म्हणून कष्टी होणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मग काठ्या मोडतच नाहींत काय? मोडतात, मोठमोठ्या खेळाडूंच्याही मोडतात. पण त्यांची कारणें समजून घेतलीं, तर भीतीची जागा काळजी घेते. आणि या दोहोंत फार अंतर आहे. पहिलें कारण जुनी इजा. खेळतांना दुसऱ्याची काठी दांड्यावर आदळते, जोड्याचें पोलादी पातें त्यावर ओरखडा काढतें, व आंत सूक्ष्म चीर पडते. पुढें एखाद्या फटक्यांत तेथेंच काठी मोडते, आणि दोष मात्र त्या फटक्यावर येतो. दुसरें कारण अयोग्य निवड. अंगबळाच्या मानानें काठी फार लवचिक असेल, तर ती मर्यादेबाहेर वांकते. तिसरें कारण चुकीची मार. पात्याची संपूर्ण कड बर्फावर न टेकतां नुसतें टोंक आपटलें, तर दांडा वांकण्याऐवजीं पिरगळतो. आणि आखडत्या हातांनीं मारलेल्या फटक्यांत पातें असें वेडेंवांकडें पडण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे मोडूं नये म्हणून केलेला संकोचच कधीं कधीं काठीच्या मुळावर येतो!

म्हणून पुढील नियम पाळावेत. खेळण्यापूर्वी दांड्यावरून बोटें फिरवून चीर किंवा खोंच लागते काय, हें पाहावें. खालचा हात जेथें असतो ती जागा विशेष तपासावी, कारण वांकण्याचा ताण तेथें सर्वांत अधिक. पात्यास कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. लांकडी काठी खेळून झाल्यावर पुसून कोरडी ठेवावी. आधीं मनगटाच्या जोरानें, चकती पात्याशीं ठेवूनच मारण्याचा फटका पक्का करावा. नंतर काठी कमरेइतकीच उचलून स्लॅप शॉटचा आरंभ करावा. उंची हळूहळू वाढवावी. आणि समोर कोणी उभें असतांना हा सराव कधींही करूं नये. त्या वेगाची चकती हाड मोडूं शकते.

इतकें करूनही काठी मोडली तर? नियमच असा आहे कीं ज्याची काठी मोडेल त्यानें तिचा तुकडा तत्काळ टाकून द्यावा. तुकडा हातांत धरून खेळत राहिल्यास दोन मिनिटें बाहेर बसावें लागतें. गोलरक्षकास तेवढी सूट आहे. काठी टाकून देणारा खेळाडू मात्र रिकाम्या हातांनींही खेळत राहूं शकतो. मोडलेल्यास कवटाळून बसूं नका, पुढें चला, असाच जणूं तो नियम सांगतो.

मोडलेल्या काठीनें एकदां तर या खेळाचें रूपच पालटलें. स्टॅन मिकिटा हा आठ वर्षांचा असतांना चेकोस्लोव्हाकियांतून कॅनडांत आला व पुढें शिकागोच्या संघाचा नामांकित खेळाडू झाला. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, सराव करीत असतांना त्याच्या काठीचें सरळ पातें तडकून वांकडें झालें. त्यानें वैतागून त्याच पात्यानें एक चकती भिरकावली, तों ती कांहीं निराळीच गेली! त्यानें तो प्रसंग सोडून दिला नाहीं. मुद्दाम पातीं वांकवून तो प्रयोग करूं लागला; त्यांतही अनेक मोडलीं. त्याचा सोबती बॉबी हल यानेंही तीच वाट धरली, आणि आज या खेळांत सरळ पात्याची काठी क्वचितच दृष्टीस पडते.

आतां पालकांस दोन शब्द. ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून मोठ्या माणसाची ताठ काठी घेऊन ती कापून मुलाच्या हातीं देण्याचा मोह होतो. परंतु कापल्यानें काठी अधिकच ताठ होते, व मुलास ती वांकवितां येत नाहीं. मुलाचें वजन जितकें पौंड, त्याच्या सुमारें निम्म्या अंकाची काठी असावी, असा साधारण ठोकताळा आहे. १०० पौंडांच्या मुलास ५० अंकाची काठी पुरे. ती साधी व स्वस्त असली तरी चालेल. आणि ती देतांना “मोडूं नकोस” एवढेंच न सांगतां, “रोज तपासून पाहा, आणि मग मन लावून मार,” असें सांगावें. निष्काळजीपणानें मोडलेल्या काठीचा जाब अवश्य विचारावा. पण प्रामाणिकपणें शिकतांना मोडलेल्या काठीबद्दल मुलास अपराधी ठरवूं नये. काठीची किंमत पुनः भरून निघते. आखडलेला हात सहसा मोकळा होत नाहीं.

मुलांनो, जी वस्तु ज्या कामासाठीं मिळाली, तिच्याकडून तें काम पुरतें करून घेणें हाच तिचा खरा मान. काठी तपासा, निगा राखा, आणि मग पातें निःशंकपणें बर्फावर टेकवा. वांकूं द्या तिला. वांकल्यावांचून ती चकतीला वेग कोठून देणार?