पहिला गोल

९ ऑक्टोबर २०१७ ची रात्र होती. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू क्रीडांगण दिव्यांच्या लख्ख प्रकाशात न्हाऊन निघाले होते. हजारो प्रेक्षक जमले होते. परंतु आपापल्या जागी स्वस्थ बसण्याचे भान फारच थोड्यांना उरले होते. सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारत व कोलंबिया या देशांचे संघ एकमेकांशी झुंजत होते. खेळाची ऐंशी मिनिटे उलटून गेली होती. कोलंबियाच्या नावावर एक गोल लागला होता. भारताची पाटी मात्र कोरीच होती.

इतक्यात भारताला कॉर्नर मिळाला. बंगळूरच्या संजीव स्टालिनने मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू उंच उडवून दिला. गोलापुढे दोन्ही संघांच्या खेळाडूंची एकच दाटी झाली होती. त्या दाटीतून एक उंच, सडपातळ मुलगा सर्वांच्या वर झेपावला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. सारे क्रीडांगण उभे राहिले. तो मुलगा होता मणिपूरचा जीक्सन सिंग, आणि खेळाचे ते ब्याऐंशीवे मिनिट होते. जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताने केलेला तो पहिलाच गोल होय.

एका गोलाचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हवे असेल, तर थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

भारतात फुटबॉल हा काही नवा खेळ नव्हे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे कित्येक खेळाडू अनवाणी पायांनी खेळले आणि फ्रान्सच्या संघाशी त्यांनी अटीतटीची लढत दिली. त्यांचा निसटता, म्हणजे १-२ असा पराभव झाला. १९५० साली ब्राझीलमध्ये भरलेल्या जागतिक स्पर्धेत भारताला जागा मिळाली होती; पण भारताचा संघ तिकडे गेलाच नाही. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्ता येथे भारताने आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक पटकावले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले व भारत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. या वैभवाच्या दिवसांत सय्यद अब्दुल रहीम हे संघाचे मार्गदर्शक होते.

तरुणांच्या संघानेही एकदा मोठा पराक्रम केला. १९७४ साली बँकॉक येथे आशियाई युवक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात भारत व इराण यांची २-२ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. शब्बीर अली हा त्या भारतीय संघाचा कर्णधार होता. पण पुढे हा प्रवाह क्षीण होत गेला. इतर देशांनी लहान वयातच मुले निवडून त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची पद्धत अंगीकारली. भारतात मात्र तसे प्रयत्न तुरळकच झाले. वर्षांमागून वर्षे लोटली. परंतु जागतिक स्पर्धेचे दार भारताला, प्रौढांच्या गटात वा मुलांच्या गटात, उघडता आले नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये एक वेगळीच संधी चालून आली. २०१७ सालची सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरविण्याचा मान ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेने भारताला दिला. यजमान देशाच्या संघाला अशा स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. म्हणजे भारताला जागा मिळाली होती, ती जिंकून नव्हे, तर घर आपले म्हणून. आता त्या जागेला शोभेल असा संघ घडविणे हेच खरे काम होते.

१ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच या स्पर्धेत खेळता येणार होते. त्या वयाच्या मुलांचा शोध देशभर सुरू झाला. प्रथम जर्मनीचे निकोलाय आदाम आणि २०१७ च्या आरंभापासून पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस यांनी या मुलांना शिकविले. गोव्यात त्यांची शिबिरे भरली. परदेशांतील संघांशी त्यांचे सामने झाले. २०१६ साली गोव्यातच भरलेल्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत या मुलांना एकही विजय मिळाला नाही. परंतु बलाढ्य संघांपुढे टिकून कसे राहावे, याचा धडा त्यांनी तेथे गिरविला. त्याच वर्षी गोव्यात ब्राझीलच्या मुलांशी झालेला सामना भारताने १-३ असा गमावला. त्यात सिक्कीमच्या कोमल थाटलने भारताचा एकमेव गोल केला.

अखेर जो एकवीस मुलांचा संघ निवडला गेला, त्यात आठ जण एकट्या मणिपूरचे होते. कर्णधार अमरजित सिंग तिथलाच. त्याचे वडील शेतकरी होते, तर आई मासळी विकून संसाराला हातभार लावीत असे. जीक्सन हा अमरजितचा चुलतभाऊ. फुटबॉल शिकण्यासाठी तो लहानपणीच घर सोडून चंडीगडला गेला होता. मध्यंतरी त्याच्या वडिलांना आजाराने गाठले आणि आईने इम्फाळच्या बाजारात भाजी विकून घर चालविले. आरंभी निवडलेल्या मुलांत जीक्सन नव्हता. पुढे पंजाबच्या मिनर्व्हा संघातून खेळत असता त्याचा खेळ प्रशिक्षकांच्या नजरेत भरला आणि स्पर्धा तोंडावर आली असताना त्याला राष्ट्रीय संघात स्थान मिळाले.

या संघात महाराष्ट्राचाही एक मुलगा होता. त्याचे नाव अनिकेत जाधव. तो कोल्हापूरचा. कोल्हापुरात कुस्तीइतकेच फुटबॉलचेही वेड आहे. तेथील पेठापेठांतील तालीम मंडळांचे स्वतःचे फुटबॉल संघ असतात आणि त्यांचे सामने पाहण्यासाठी शाहू स्टेडियमवर माणसांची रीघ लागते. अशा गावात वाढलेला अनिकेत पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि तेथून राष्ट्रीय संघात आघाडीचा खेळाडू म्हणून दाखल झाला.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पर्धेला प्रारंभ झाला. दिल्ली, कोलकाता, नवी मुंबई, मडगाव, कोची व गुवाहाटी या सहा शहरांत चोवीस देशांचे संघ खेळणार होते. पहिल्याच दिवशी भारताची गाठ अमेरिकेशी पडली. अमेरिकेची मुले अंगापिंडाने भक्कम व खेळात सराईत होती. भारत ०-३ असा पराभूत झाला. तथापि त्या सामन्यातही भारतीय मुले मुळीच खचली नाहीत. दोन गोलांनी मागे असताना अन्वर अलीने मारलेला एक जोरदार फटका गोलाच्या आडव्या दांडीवर आदळून परतला. तो चेंडू वीतभर खाली असता, तर इतिहास तीन दिवस आधीच घडला असता!

कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात भारताचा खेळ अधिक खुलला. गोलरक्षक धीरज सिंगने एकामागून एक फटके अडविले. मध्यंतराच्या सुमारास केरळच्या राहुलचा फटका खांबाला लागून फुकट गेला. मध्यंतरानंतर लवकरच कोलंबियाच्या पेन्यालोसाने गोल केला. तरीही भारताने धीर सोडला नाही. आणि मग ते ब्याऐंशीवे मिनिट उजाडले. जीक्सनच्या गोलाने १-१ अशी बरोबरी झाली. मुले एकमेकांना मिठ्या मारू लागली. प्रेक्षकांच्या जयघोषाने क्रीडांगण दुमदुमून गेले.

हा आनंद किती काळ टिकला? अवघे एक मिनिट! चेंडू पुन्हा खेळात आला तेव्हा भारतीय मुलांची मने अजून त्या गोलाभोवतीच घुटमळत होती. बचावफळी सावरण्यापूर्वीच कोलंबियाने वेगाने चढाई केली आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला पेन्यालोसाने दुसरा गोल केला. भारताने सामना १-२ असा गमावला. जे यश बारा आण्यांनी हाती आले होते, ते एका क्षणाच्या बेसावधपणाने निसटले. यश मिळविण्यास जेवढे बळ लागते, तेवढेच ते टिकविण्यासही लागते, हे त्या रात्री मुलांना फार महाग पडून कळले.

१२ ऑक्टोबरला घानाच्या चपळ संघाने भारताचा ०-४ असा पराभव केला. भारताची स्पर्धा तेथेच संपली. तीन सामने, तीन पराभव. केलेला गोल एक आणि झालेले गोल नऊ. नोंदवहीत एवढेच लिहिले गेले. स्पर्धा पुढे चालू राहिली आणि २८ ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवून अजिंक्यपद मिळविले. संपूर्ण स्पर्धा पाहण्यास सुमारे साडेतेरा लाख प्रेक्षक लोटले होते.

आकड्यांची वही खोटे बोलत नाही; पण ती सारेच सांगते असेही नाही. त्या एकवीस मुलांनी पुढे काय केले, हेही पाहिले पाहिजे. स्पर्धा संपल्यावर त्यांतील बहुतेक मुले ‘इंडियन ॲरोज’ या नावाने देशातील व्यावसायिक संघांशी खेळू लागली. वयाने व ताकदीने मोठ्या असलेल्या खेळाडूंशी त्यांना सामना द्यावा लागे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात झालेल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटी संघाला ३-० असे हरविले. त्यांपैकी दोन गोल अनिकेत जाधवचे होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये वीस वर्षांखालील भारतीय संघ स्पेनमधील एका स्पर्धेत उतरला. त्यात दिल्लीत पराभव पाहिलेली बरीच मुले होती. समोर होता अर्जेंटिनाचा संघ. भारताने आरंभीच एक गोल केला. उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळून मैदान सोडावे लागले आणि उरलेला बराच वेळ भारताला दहाच खेळाडूंनिशी खेळणे भाग पडले. असे असूनही अन्वर अलीने दूरवरून मारलेल्या फटक्यावर दुसरा गोल झाला आणि भारताने २-१ असा विजय संपादन केला. ज्या अन्वरचा फटका दिल्लीत दांडीवर आदळला होता, त्याचाच फटका येथे जाळ्यात विसावला! याच दिवसांत भारताच्या सोळा वर्षांखालील मुलांनी जॉर्डनमध्ये इराकला १-० असे नमविले.

ही धाकटी मुले गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या हाताखाली तयार झाली होती. २०१८ च्या शरद ऋतूत मलेशियात आशियाई स्पर्धा झाली. तीत त्यांनी व्हिएतनामला हरविले, इराण व इंडोनेशिया यांच्याशी बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. आणखी एक सामना जिंकला असता, तर भारताला जागतिक स्पर्धेत स्वतःच्या कर्तबगारीवर प्रवेश मिळाला असता. परंतु दक्षिण कोरियाने त्यांना ०-१ असे हरविले. दार अगदी किलकिले होऊन पुन्हा मिटले.

ते दार पुढील काही वर्षांतही उघडले नाही. २०२३ साली थायलंडमधील आशियाई स्पर्धेत जपानने भारताचा ८-४ असा पराभव केला. तरीही त्याच जपानविरुद्ध भारतीय मुलांनी चार गोल केले, हेही विसरता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे भारताच्या मुलांनी इराणला २-१ असे हरविले आणि पुढील आशियाई स्पर्धेतील आपले स्थान मिळविले. हे स्थान मात्र कोणी दिलेले नव्हते. ते त्यांनी मैदानावर घाम गाळून मिळविले होते.

दरम्यान दिल्लीत खेळलेली मुले मोठी झाली. जीक्सन, अमरजित, अन्वर अली, सुरेश सिंग, रहीम अली हे भारताच्या ज्येष्ठ संघातून खेळले. ज्याने देशासाठी पहिला गोल केला, तो जीक्सन गोल करणाऱ्या फळीतला नव्हेच. मध्यफळीत राहून चेंडू अडवावा व तो दुसऱ्याच्या पायाशी सुखरूप पोहोचवावा, हे त्याचे नित्याचे काम.

घर बांधताना पहिला दगड जमिनीत पुरला जातो. घर उभे राहिल्यावर तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु वरच्या साऱ्या भिंतींचा भार त्यानेच पेललेला असतो. ९ ऑक्टोबरच्या रात्री झालेला तो गोल असाच एक दगड होता. त्या गोलाने सामना जिंकला नाही, बरोबरीही एका मिनिटापलीकडे टिकली नाही. पण भारताच्या पाटीवरचा भोपळा त्याने कायमचा पुसून टाकला. त्यावर भिंती चढविण्याचे काम मागाहून येणाऱ्या मुलांचे आहे.

स्वाध्याय

१. यजमान म्हणून मिळालेली जागा आणि खेळून मिळविलेली जागा यांत कोणता फरक आहे? पाठाच्या आधारे सांगा.
२. कोलंबियाविरुद्धच्या सामन्यातील ब्याऐंशीव्या व त्र्याऐंशीव्या मिनिटांत काय घडले? त्यावरून कोणता बोध होतो?
३. ‘आकड्यांची वही खोटे बोलत नाही, पण ती सारेच सांगते असेही नाही,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाटी कोरी असणे, नजरेत भरणे, धीर न सोडणे, रीघ लागणे.
५. तुमच्या शाळेच्या संघाने हरलेल्या, पण तुमच्या स्मरणात राहिलेल्या एखाद्या सामन्याचे वर्णन दहा ओळींत लिहा.