पगारपत्रक नसलेल्या घरांविषयी

सोलापूर

चि. रेवती हिस,


गृहकर्ज कंपनीत तुला नोकरी लागली, नेमणूक नेमकी सोलापूर शाखेत झाली आणि पहिल्याच महिन्यात हातात टार्गेटही पडलं, हे ताईकडून कळलं. टार्गेटचं मला काही वाटत नाही. मार्चअखेर जवळ आली की आमच्या पतसंस्थेतही चेअरमनसाहेबांचा चेहरा टार्गेटनं उतरायचाच. पण परवा फोनवर तू म्हणालीस, 'मामा, ज्यांना बँक दारात उभं करत नाही त्यांना आम्ही घरमालक करतो.' ते ऐकून बरं वाटलं आणि थोडी काळजीही वाटली. कर्ज मंजूर केलं की मालक होतो, हे खरं. पुढची पंधरा वर्षं तो मालक राहिला पाहिजे, हा भाग तुमच्या ट्रेनिंगमध्ये कितपत शिकवतात मला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तुला ज्या गल्ल्या दिल्या आहेत त्या पूर्व भागातल्या. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, शिलाईवाले, हमाल. या माणसांना घर मिळवून देण्याचा सोलापूरचा इतिहास मोठा आहे, तो आधी समजून घे. शहराबाहेर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या चाव्या द्यायला आले होते. त्याच कुंभारीच्या माळावर पुढे रे नगर झालं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं. २०१९ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २०२४ च्या जानेवारीत पहिली पंधरा हजार घरं त्यांच्याच हस्ते दिली गेली. दोन्ही वेळा मागे लागून लागून काम करून घेणारे कामगार नेते आडम मास्तरच. त्यांचं राजकारण पटो न पटो, एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या बायकांना कुणी 'गरीब बिचाऱ्या' म्हणून घर दिलं नाही. त्यांनी आपला हिस्सा भरला, मोर्चे काढले, सभासद झाल्या. तू दारात जाशील तेव्हा उपकार करायला आलेली आहेस असं तोंडावर दिसू देऊ नकोस. समोरची बाई हिशेबात तुझ्यापेक्षा पक्की असते.

आता हिशेबाचं. पगारपत्रक नाही म्हणून फाईल परत करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आणि 'महिना अठरा हजार' असं नुसतं अंदाजानं लिहून फाईल पुढे ढकलणारेही. दोघेही तितकेच आळशी. विडीची मजुरी हजारावर मिळते. पान कमी आलं, पान खराब आलं, पावसाळ्यात ओल धरली, कारखान्यानं नाकारलेली छाट जास्त निघाली, की हजार विड्यांचं काम करूनही हजाराचे पैसे मिळत नाहीत. यंत्रमागवाल्याला आठवड्याला पगार मिळतो, पण सूत महागलं किंवा मालाला उठाव नसला की मालक पाळ्या कमी करतो. म्हणून सरासरी विचारू नकोस. 'गेल्या बारा महिन्यांत सगळ्यात वाईट गेलेले दोन महिने कोणते, आणि त्या महिन्यांत घरात किती आले?' असं विचार. हप्ता त्या महिन्यात बसला पाहिजे. चांगल्या महिन्यात तर कुठलाही हप्ता बसतो.

पुरावा कागदावर नसतो असं नाही, तुमच्या यादीतल्या कागदावर नसतो. विडी कामगाराचं पीएफ खातं असतं, ते बघ. बचत गटाची वही बघ. भिशी कोणत्या महिन्याला उचलली ते विचार. आणि सोनेतारणाच्या पावत्या असल्या तर त्या नक्की माग, कारण त्यांत त्या घराचं वर्ष स्वच्छ दिसतं: जूनमध्ये शाळेच्या वेळी मंगळसूत्र गहाण पडलं, दिवाळीच्या कामावर सोडवलं, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर परत ठेवलं. दरवर्षी सोडवणारं घर असेल तर मला त्या घराची भीती वाटत नाही. व्याजच भरत राहून पावती नुसती बदलून घेणारं घर असेल तर जरा बस, चहा घे, आणखी विचार.

एक गोष्ट मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला करायला लावायचो. भाडं तीन हजार आहे आणि हप्ता साडेपाच येणार आहे, तर मधले अडीच हजार कर्ज मिळायच्या आधी सहा महिने पोस्टात आरडीला भरायला सांगायचं. सहाच्या सहा भरले तर घराला सवय झाली आणि जवळ पंधरा हजार जमलेही. चार भरले तर कर्जाची रक्कम कमी कर. दोनच भरले, तर हा हप्ता झेपणार नाही हे बाईला तुझ्याआधी कळलेलं असतं. तुमची कंपनी सहा महिने थांबणार नाही, मला ठाऊक आहे. तीन तर थांबेल?

हप्त्याचं गणित समोर बसून, त्यांच्याच वहीत मांडून दाखव. समज, ५ लाखांचं कर्ज आहे आणि १२ टक्के व्याज. वीस वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ५,५०० रुपये, आणि एकूण परतफेड १३ लाख २० हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ६,००० आणि एकूण १० लाख ८० हजार. महिन्याला पाचशे रुपये जास्त दिले तर पाच वर्षं आणि जवळजवळ दोन लाख चाळीस हजार वाचतात. तरीही सगळ्यांना पंधराच वर्षांची मुदत दे असं मी म्हणणार नाही. वाईट महिन्यात ते पाचशे जड जाणार असतील तर वीसची घ्यायला लाव, आणि भिशी लागली, बोनस आला की मुद्दलात भरायला शिकव. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा आगाऊ भरण्याला दंड नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. तू सांग. कर्जासोबत विम्याचा हप्ता मुद्दलात मिसळून देतात, तोही वेगळा करून दाखव. कमावत्या माणसाचा विमा मी वाईट म्हणत नाही. पण त्या विम्यावरही वीस वर्षं व्याज लागतं हे कळल्यावर हो-नाही त्यांनी ठरवावं.

आणि स्वतःचा हिस्सा कुठून आणला, हे विचारल्याशिवाय फाईल बंद करू नकोस. घर बुडतं ते बहुतेक वेळा तुमच्या कर्जानं बुडत नाही. हिश्शाचे लाखभर रुपये उभे करायला घेतलेल्या गटाच्या कर्जानं किंवा सावकाराच्या पैशानं बुडतं. ते हप्ते आठवड्याला येतात, दारात माणूस येऊन बसतो, चारचौघांत बोलतो. साहजिकच आधी ते भरले जातात. तुमचा हप्ता मागे राहतो. नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, मग साठ दिवसांची नोटीस, आणि बाई ते इंग्रजी पत्र घेऊन शाळेतल्या पोराकडून वाचून घेते. नवरा समोर असताना ते गटाचं नाहीतर सावकाराचं कर्ज बोलण्यात येत नाही. सासूला एकटीला विचार. सासवांना सगळं माहीत असतं.

अनुदानाबद्दल जपून बोल. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या, वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. व्याज अनुदानाच्या घटकात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, पण पाच वार्षिक हप्त्यांत. बाहेर एजंट हे पैसे आज हातात असल्यासारखे मोजून दाखवतात. बांधकामाचं अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, जोतं झालं की फोटो, मग पुढचा टप्पा. तोवर जुनं घर पाडलेलं असतं, माणसं शेजारी भाड्यानं राहत असतात, आणि गवंडी थांबत नाही. साधं तीनशे-सव्वातीनशे फुटांचं घर बांधलं तरी अडीच लाखांत होत नाही. जोत्यावर किंवा लिंटेलवर थांबलेली घरं तुला गल्लोगल्ली दिसतील. त्यांतल्या एखाद्या घरात जाऊन काम कुठे आणि का अडलं ते विचारून ये. तुमच्या मॅन्युअलपेक्षा जास्त शिकशील.

कागदांचा भाग तुला कंटाळवाणा वाटेल, पण गरिबाचं घर अडतं ते इथेच. शंभराच्या स्टँपवर नोटरी करून घेतलेला प्लॉट, हातात कब्जेपट्टी, घरपट्टी वीस वर्षं भरलेली. त्या माणसाला मनापासून वाटतं की आपण मालक आहोत. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे आणि नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे, हे त्याला तुझ्याकडून पहिल्यांदा कळणार असेल तर आवाज खाली ठेवून सांग. त्याच्या आयुष्याची कमाई त्या स्टँपपेपरवर आहे. 'टायटल क्लिअर नाही' म्हणून मोकळी होऊ नकोस. आपल्याकडे बरेच प्लॉट गुंठेवारीचे, म्हणजे बिनपरवाना तुकडे पाडून विकलेले आहेत. ते नियमित करून द्यायला २००१ सालचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली आहेत. महापालिकेत अर्ज कसा करायचा, मोजणी कुठे, शुल्क किती, याची माहिती एका कागदावर मराठीत लिहून जवळ ठेव आणि नाकारलेल्या प्रत्येकाच्या हातात दे. पूर्व भागात तेलुगूतूनही लिहून घे. तुझ्या टार्गेटमध्ये हे मोजलं जाणार नाही. पण त्यांतले काही दोन वर्षांनी नियमितीकरणाचा दाखला घेऊन तुझ्याचकडे येतील.

नावाचं सांगतो. आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं लागतं. फक्त बाईच्या नावावर खरेदी केली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढली. पुरुष लोक म्हणतात, सवलत मिळते तर घाला तिचं नाव, आणि इकडे अर्जावर सही मात्र अंगठा धरून घेतल्यासारखी घेतात. तू बाईला कागद वाचून दाखव. तिच्या भाषेत. दारू पिऊन नवरा घर विकायला निघाला तर तिच्या सहीशिवाय विकता येणार नाही, हे तिला एकदा नीट कळलं की हप्त्याची काळजी तुला करावी लागत नाही. इतक्या वर्षांत बायकांच्या खात्यांवर वसुलीला मला क्वचितच जावं लागलं.

चावी मिळाल्यानंतरचं फार थोडं बोललं जातं. गावात राहणारा यंत्रमागवाला कुंभारीला गेला की रोज जायचा-यायचा खर्च सुरू होतो. दोघं मागावर जात असतील तर तो दुप्पट. विडीवाल्या बाईचं तसं नसतं, कारखान्याची शाखा जवळ असली की तिचं काम घरातच. म्हणजे तेच घर एका कुटुंबाला परवडतं आणि शेजारच्याला नाही. मग सोसायटीची वर्गणी, पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, ड्रेनेज. मुंबईत झोपडीच्या जागी उंच इमारतीत घर मिळालेली कितीतरी कुटुंबं लिफ्टच्या आणि देखभालीच्या खर्चाला कंटाळून घर भाड्यानं देऊन परत झोपडीत गेली. त्यांना नावं ठेवणारे ठेवतात. मला त्यांचा हिशेब बरोबर वाटतो. चूक घर देताना महिन्याचा खर्च न मांडणाऱ्यांची. तू तुझ्या तक्त्यात हप्त्याखाली एक ओळ वाढव, 'घर चालवायचा खर्च', आणि ती भरल्याशिवाय पात्रता काढू नकोस. साहेब विचारतील ही ओळ कुणी घातली. माझं नाव सांगू नकोस, मला आता ते ओळखत नाहीत.

कधीकधी तुला नाही म्हणावं लागेल, आणि ते हो म्हणण्यापेक्षा अवघड. दोन लेकरं, आजारी सासरा, नवऱ्याचं काम सुटलेलं, आणि बाई मात्र डोळ्यांत आशा आणून बसलेली. अशा वेळी 'सिस्टीम घेत नाही' असं खोटं बोलू नकोस. 'आत्ता नाही, कारण अमुक. वर्षभरात अमुक झालं तर ये,' असं सांग आणि तारीख लिहून दे, एका वहीतही नोंदव. तारीख दिलेली माणसं येतात. तुझी बदली होईल म्हणशील, तर वही शाखेतच ठेव, पुढच्याला दाखवून जा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन गणपतीनंतर करायचं ठरलंय. तोवर लांबचं वाचता येतं, जवळचं नाही. त्यामुळे उत्तर लिहिलंस तर अक्षर मोठं काढ, नाहीतर रविवारी जेवायलाच ये; तुझ्या मामीनं शेंगाची चटणी करून ठेवली आहे. येताना मंजूर न झालेल्या दोन-तीन फायलींच्या नोंदी घेऊन ये, नावं झाकून. आपण बसून बघू.

तुझा,
मामा