खात नाही, की खाता येत नाही?
(भूक, मन आणि शरीरातील संप्रेरके)



‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपण म्हणतो. पण पोटोबालाच भूक लागेनाशी झाली तर काय, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आम्हालाही पडला नव्हता. मागे एका हंगामात तो पुढे उभा राहिला आणि आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले. म्हणून हा धडा.

त्या हंगामात तोडणीला धारणीकडची काही कोरकू कुटुंबे आली होती. फडाच्या बांधावर दीड वर्षाचे एक पोर आईच्या मांडीवर पडून होते. रडत नव्हते, खेळत नव्हते, तोंडावर माश्या बसल्या तरी हात हलवीत नव्हते. आईने दुधात कुस्करलेली भाकर पुढे केली की तोंड फिरवी. आई म्हणाली, “खातच नाही जी, दोन दिस झाले.” आम्ही शहाणपण सांगितले, “लाडावलंय. राहू दे उपाशी, भूक लागली की आपोआप खाईल.” ती काही बोलली नाही. पोराला बांधावर निजवून तिने कोयता उचलला. संध्याकाळी पोर गार पडले. मुकादमाने तातडीने दवाखान्यात नेले म्हणून वाचले. तिथले डॉक्टर आम्हाला म्हणाले, “अहो, ते खात नव्हतं असं नाही. त्याला खाता येत नव्हतं.”

या वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी आधी संप्रेरके म्हणजे काय ते पाहू.

शरीरातल्या चिठ्ठ्या

शेतकी खात्याने तोडणीची चिठ्ठी दिली की टोळी फडावर येते. चिठ्ठी म्हणजे कागदाचा कपटा, पण तिच्यामुळे बैलगाड्या हलतात, गव्हाण भरते, चरकी फिरते. शरीरातही अशा चिठ्ठ्या आहेत. निरनिराळ्या ग्रंथी अगदी अल्प प्रमाणात काही रसायने रक्तात सोडतात आणि ती दूरच्या अवयवाला हुकूम पोचवतात. हीच संप्रेरके. इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 साली त्यांना ‘हार्मोन’ हा शब्द दिला.

पोट रिकामे झाले की जठरातून ग्रेलिन नावाची चिठ्ठी मेंदूकडे जाते, ‘जेवायची वेळ झाली.’ जपानी शास्त्रज्ञांनी ती 1999 मध्ये शोधली. उलट, अंगावरच्या चरबीतून लेप्टिन नावाची चिठ्ठी जाते, ‘कोठारात माल आहे, घाई नको.’ ती 1994 मध्ये अमेरिकेत सापडली. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि साखर पेशींच्या घरात पोचती होते. रक्तातली साखर फार उतरली की अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल सोडतात. मग छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस चिडतो. पहाटे उपाशीपोटी फडात उतरलेला गडी दहा वाजता लहानशा बोलण्यावरून कोयता आपटतो, तेव्हा दर वेळी त्याचा स्वभावच वाईट असतो असे समजू नये. रागाची निम्मी चिठ्ठी पोटातून आलेली असते.

उपाशी माणसाचे मन

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. 36 निरोगी तरुण आपखुषीने पुढे आले. 24 आठवडे त्यांना सुमारे निम्मेच अन्न दिले गेले. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरले. पण खरा बदल मनात झाला. हसणेखिदळणे बंद झाले. मित्रांत भांडणे होऊ लागली. लक्ष कशात लागेना. कुणाशी बोलू नये, पडून राहावे असे वाटे. शिकलेसवरलेले तरुण पाककृतींची पुस्तके उशाशी घेऊन बसत. अन्न पूर्ववत झाल्यावरही मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले.

हे धडधाकट तरुण होते आणि आपली उपासमार संपणार हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांचे काय होत असेल? एखाद्या मजुराला आपण ‘आळशी’, ‘मख्ख’, ‘सांगितलेलं डोक्यात शिरत नाही’ असे सहज म्हणून जातो. तसे म्हणण्याआधी तो सकाळपासून काय जेवला, हे एकदा विचारायला हवे.

नो केन

आता त्या पोराकडे येऊ. ऊस संपला की कारखान्यात ‘नो केन’ होते. आपण काय करतो? बॉयलरचा जाळ कमी करतो, नको ते दिवे मालवतो, चरकी थांबवतो. खूप दिवस पुरेसे न मिळालेले शरीर हेच करते. अवटू ग्रंथीचे कार्यक्षम संप्रेरक घटते, म्हणून अंग गार पडते, हालचाल मंदावते. वाढीचा हुकूम थांबतो. इन्सुलिन उतरते. कॉर्टिसॉल चढते आणि स्नायू मोडून त्यांचे इंधन केले जाते. पोर खेळत नाही, कारण खेळ ही त्याच्या शरीराला न परवडणारी चैन झालेली असते.

मग भूक का लागत नाही? ग्रेलिनची चिठ्ठी तर जातच असते. पण अशा पोराला बहुधा आतून जंतुसंसर्ग झालेला असतो आणि आजारपणात रक्तात उतरणारी रसायने भुकेची चिठ्ठी दाबून टाकतात. आपल्याला तापात जेवण नकोसे होते, तेच हे. म्हणून अतिकुपोषित बालकाची ‘भूक चाचणी’ घेतात. विशेष आहार पुढे ठेवतात. पोराने तो खाल्ला आणि दुसरा काही त्रास नसला, तर उपचार गावात होऊ शकतो. खाल्ला नाही तर त्याला रुग्णालयात दाखल करतात. म्हणजे ज्याला आम्ही हट्ट म्हणालो, ती डॉक्टरांच्या लेखी धोक्याची घंटा होती.

दुसरी चूक उलट बाजूने होते. दया येऊन कुणी उपाशी पोराला पोटभर गोडधोड चारतो. बंद पडलेला कारखाना पहिल्याच तासाला पूर्ण भाराने चालवला तर काय मोडेल ते आपण जाणतो. एकदम खूप अन्न गेले की इन्सुलिन उसळते, रक्तातले पोटॅशियम व फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय दगा देऊ शकते. म्हणून रुग्णालयात सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजतात.

धारणीने काय शिकवले

परतवाडा सोडून घाट चढला, सेमाडोह, हरिसाल मागे टाकले की धारणी येते. 1990 नंतरच्या दशकात धारणी व चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. आज धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, कुपोषित बालकांवर उपचाराची सोय आहे. उतावली येथे डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून बालकांचे उपचार घरापर्यंत नेले. बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखान्याबरोबर शेतीसुधारणा हाती घेतली, कारण आजाराचे मूळ रिकाम्या कणगीत आहे हे त्यांनी ओळखले. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

तरीही मलूल पोराच्या पोटावर चटके देण्याची जुनी रीत अजून पुरती गेलेली नाही. तिला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. ‘राहू दे उपाशी’ हा आमचा सल्ला कोणत्या चटक्यापेक्षा कमी होता?

सभासदांनी काय करावे

1. फडावर, कोपीवर सहा महिने ते पाच वर्षांचे पोर मलूल दिसले, खाणे टाकले असेल, दोन्ही पावलांना सूज असेल किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी अंगणवाडी सेविका, आशा किंवा सरकारी दवाखाना गाठावा.

2. पोर गार पडत असेल, पण शुद्धीवर असून गिळत असेल, तर साडेतीन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा साखर विरघळवून हळूहळू पाजावी आणि पोराला उबेत, आईच्या अंगाशी धरून दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध पोराच्या तोंडात काही घालू नये. आपण पोत्यांनी साखर काढतो. त्यातली एक चमचा वेळेवर पडली तर जीव वाचतो.

3. आई पोराजवळ दवाखान्यात राहिली, तर मुकादमाने खाडा धरू नये, उचलीत कापू नये. सभासदाने तसे आधीच बजावून सांगावे. मजुरी बुडेल या धास्तीने आई पोराला बांधावर निजवते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

4. तोडकऱ्यांना सकाळची न्याहारी करायला वेळ द्यावा. हिशेबाची, वादाची बोलणी उपाशीपोटी करू नयेत. हा नियम आपल्या घरालाही लागू आहे.

ते पोर पुढे सुधारले. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही पाहिले तेव्हा ते आईचा पदर ओढून रडत होते. आम्हाला बरे वाटले. रडायला लागणारी ताकद त्याच्या अंगात परत आली होती. होळीला ती माणसे आपल्या गावी गेली. त्या आईची माफी मागायची आमच्याकडून राहून गेली. निदान हा धडा आपल्यापर्यंत पोचवावा, म्हणून लिहिले.